पुरुषाच्या कानातला मोती

लग्नाचा बस्ता उरकून मंडळी आमच्या पेढीवर येतात. नवरीचं सगळं बघून झालं की कुणीतरी म्हणतं, "आता जावईबापूंना एक अंगठी दाखवा." मी भिकबाळी पुढे ठेवली, तर हमखास ऐकू येतं, "अहो, मोती बायकांना शोभतात."

हे मला मुळीच मान्य नाही. १६१४ साली बादशहा जहांगीराने अजमेरच्या ख्वाजांवरच्या श्रद्धेपोटी कान टोचून मोती घातले, तेव्हा पाठोपाठ दरबारातल्या सरदारांनीही कान टोचून घेतले. जेम्स वेल्सने १७९२च्या सुमारास पुण्यात काढलेल्या चित्रातले सवाई माधवरावही मोत्यांच्या माळा ल्यायलेले आहेत. पेशवाईतला पुरुष कानाच्या पाळीत चार मोत्यांचा चौकडा घाली आणि उजव्या कानाच्या वरच्या भागात भिकबाळी: सोन्याच्या तारेत ओवलेले मोती, मध्ये माणिक किंवा पाचू. मुलं जगत नसली की पाच घरी भीक मागून मुलासाठी बाळी करायची, अशी तिची कथा आमच्याकडे सांगतात.

जुन्या लोकांची निवड अंगाला धरून होती, असं मला वाटतं. मोती फार मऊ. घाम आणि घासणं त्याला सोसत नाही. म्हणून त्याची जागा कानात किंवा अंगरख्यावर रुळणाऱ्या माळेत. रोज राबणाऱ्या हाताला माणिक घ्यावं. हिरा सोडला तर त्याच्याइतके कठीण खडे फार थोडे. पाचू दिसतो देखणा, पण बहुतेकदा त्याच्या पोटात चिरा असतात आणि कुठे आपटला की टवका उडतो. गिऱ्हाईक राशीचा खडा मागतं. मी आधी विचारतो, काम काय करता?

पेशवाईतल्या दागिन्यांतले मोती बहुतेक इराणी आखातातले. बसऱ्याचं नाव लागलेला माल मुंबईत उतरे, तिथेच तो विंधला जाई, प्रतवार लावला जाई. वजन रतीत, पण भाव ‘चव’ नावाच्या मापात, आणि चव वजनाच्या वर्गाने वाढते. म्हणजे दुप्पट वजनाच्या मोत्याची चव चौपट! दोन्ही कानांना सारखे टपोरे मोती जुळवणं किती खर्चाचं असेल, ते यावरून कळावं.

१८१८ला पेशवाई गेली. पुढे कोट आला, खिशातल्या घड्याळाला सोन्याची साखळी आली आणि शिकलेल्या पुरुषांचे कान हळूहळू मोकळे झाले. १९२०नंतर जपानच्या संवर्धित मोत्यांनी आखाताचा व्यापारही मोडला. खेड्यात मात्र पुरुषाचा दागिना टिकला. कुस्ती मारणाऱ्या पैलवानाच्या हातात चांदीचं कडं चढे, आणि ते कुणाला बायकी वाटलं नाही.

आता ढोलपथकातली मुलं दाबाची भिकबाळी मागतात. कान टोचायची तयारी असेल, तर मी तारेचीच देतो. मोती लहान आणि एकसारखे, मध्ये माणिक. सावळ्या रंगावर तर ती फारच खुलते.