तिकिटावरची वसई

परदेशांच्या टपाल तिकिटांवर आपल्या देशाचा इतिहास व संस्कृती ह्यांचे चित्र दिसले की आपणांस सहजच आनंद होतो. १९६१ च्या जानेवारीत अमेरिकेच्या सरकारने महात्मा गांधींचे तिकीट काढले. भारताबाहेरील राष्ट्राने गांधीजींचा असा गौरव करण्याचा तो पहिला प्रसंग होय. अशा तिकिटाने अभिमान वाटणे योग्यच आहे. परंतु टपालाचे तिकीट हे सरकारचे लेखन असते, आणि लिहिणारा कोण व तो कोणत्या नात्याने लिहितो हे पाहिल्यावाचून त्याचा अर्थ लागत नाही. दुरून केलेला सत्कार निराळा आणि घरात ठाण मांडून बसलेल्या परक्याने केलेले घराचे वर्णन निराळे. ह्या दुसऱ्या प्रकाराचा नमुना दूर शोधावयास नको. गोवा, दमण व दीव येथील पोर्तुगीज सरकारने १८७१ पासून १९६१ पर्यंत, म्हणजे नव्वद वर्षे, स्वतःची तिकिटे वापरली. भूमी आपली, माणसे आपली, आणि तिकीट मात्र परक्याचे, असा हा विलक्षण प्रकार आहे.

ह्या नव्वद वर्षांच्या संग्रहातील १९५६ ची एक माला आम्हांस सर्वांत बोलकी वाटते. पोर्तुगिजांच्या हिंदुस्थानातील वसाहतींस ४५० वर्षे झाली म्हणून ती काढण्यात आली. तीत काही व्हाइसरॉयांच्या व इतर पुरुषांच्या तसबिरी आहेत, आणि सहा तिकिटांवर सहा ठाण्यांचे जुन्या धर्तीचे नकाशे आहेत. ती सहा ठाणी अशी: वसई, मुंबई, दमण, दीव, कोची आणि गोवा. वाचकांनी ही नावे पुन्हा एकदा पाहावी. १९५६ साली ह्यांपैकी तीनच पोर्तुगिजांच्या ताब्यात होती. उरलेल्या तिहींपैकी मुंबई इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाच्या लग्नात आंदण म्हणून देण्याचे १६६१ च्या तहाने ठरले व १६६५ मध्ये ती इंग्रजांच्या हाती गेली. कोची १६६३ मध्ये डच लोकांनी घेतली. आणि वसई १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी जिंकली. म्हणजे स्वहस्ते देऊन टाकलेले एक ठाणे व लढाईत गमावलेली दोन ठाणी, ही तीनही दोन-तीन शतकांनंतर तिकिटावर पुन्हा पोर्तुगिजांची झाली.

ह्या गोष्टीचे मर्म जेथे चटकन कळावे अशी जागा म्हणजे आज इंद्रलोक वगैरे वसाहतींनी गजबजून गेलेले भाईंदर होय. इंद्रलोकात राहणाऱ्या कुटुंबांस खाडीच्या पलीकडची वसई म्हणजे रेल्वेच्या पुलावरून जाण्याचे शेजारचे गाव. पण ही खाडी एके काळी सत्तेची शीर होती. गुजराथच्या बहादूरशहाकडून १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांस मिळाली, आणि तिच्याबरोबर साष्टी बेटही गेले. आजचे मीरा-भाईंदर ह्याच बेटाच्या उत्तर टोकाशी आहे. वसई ही पोर्तुगिजांच्या उत्तरेकडील प्रांताची राजधानी झाली. आपल्या लोकांनी त्या मुलखास फिरंगाण असे नाव दिले. खाडीच्या तोंडाशी ह्या बाजूस, उत्तनजवळ, धारावीचा किल्ला आणि आत वळणावर घोडबंदरचा किल्ला, अशी ह्या जलमार्गाची राखण होती. मुंबईतील धारावीशी ह्या धारावीचा घोटाळा करू नये. १७३७ मध्ये मराठ्यांची मोहीम सुरू झाली, ठाणे व साष्टी हाती आली, आणि धारावी पडल्यावर समुद्राकडून वसईस मदत पोहोचणे दुर्घट झाले. अखेर १७३९ च्या मे महिन्यात, सुरुंगांनी तट फोडून, दोन्ही पक्षांची फार मोठी हानी झाल्यावर वसई शरण आली. चिमाजी आप्पांनी किल्ल्यातील सैन्यास शस्त्रांसह सन्मानाने बाहेर जाऊ दिले. १९५६ च्या तिकिटावर तीच वसई आहे; पण तिच्या तटास खिंडार नाही, आणि ते कोणी पाडले ह्याचा उल्लेखही नाही.

आता कोणी म्हणेल की, जुन्या वैभवाची आठवण ठेवण्यात दोष तो काय? दोष नाही; पण काळ पाहिला पाहिजे. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा व नगरहवेली पोर्तुगिजांच्या हातून सुटली. १९५५ च्या १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले. त्यांत महाराष्ट्रातील पुष्कळ होते. त्यांच्यावर गोळीबार होऊन अनेकांचे प्राण गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पोर्तुगालने दादरा-नगरहवेलीकडे जाण्याच्या वाटेच्या हक्कासाठी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. त्याआधीच, १९५१ मध्ये, आपल्या राज्यघटनेत फेरफार करून पोर्तुगालने वसाहतींस ‘सागरापलीकडील प्रांत’ असे नाव देऊन ठेवले होते, म्हणजे वसाहत सोडण्याचा प्रश्नच उरू नये! अशा वेळी काढलेली ही माला निव्वळ स्मारक नव्हे. तीही एक कैफियतच होती. आम्ही येथे साडेचार शतके आहोत, असे ती जगास सांगत होती. परंतु गोवा अफोन्सो द आल्बुकेर्क याने घेतले ते १५१० मध्ये. १९५६ साली त्यास साडेचारशे वर्षे भरलीच नव्हती. दीव व दमण त्याच्याही मागाहून आली. म्हणजे साडेचारशेचा आकडा गाठावयास, हातची ठाणी सोडून हरवलेल्या दक्षिणेकडील ठाण्यांच्या जुन्या काळापर्यंत मागे जाणे भागच होते. जे गमावले त्याच्या आधारावर जे उरले त्याचा हक्क सांगावयाचा, असा हा हिशेब होता.

ह्या दृष्टीने सबंध संग्रह चाळला म्हणजे एक क्रम स्पष्ट दिसतो. १८७१ ची पहिली तिकिटे अगदी साधी आहेत: मध्ये किमतीचा आकडा, भोवती पोर्तुगीज अक्षरे. ज्याच्या मालकीविषयी कोणी विचारीत नाही त्यास आपल्या घरावर तसबिरी टांगण्याची निकड नसते. १८९८ मध्ये वास्को द गामाच्या सफरीस ४०० वर्षे झाली तेव्हा जहाजे, देवदूत व कालिकतचे आगमन अशी चित्रे आली. पण तीच चित्रे पोर्तुगालच्या इतर वसाहतींच्या तिकिटांवरही होती. १९३१ मध्ये सेंट फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या शवदर्शनानिमित्त माला निघाली. आणि १९४६ पासून, म्हणजे ज्या वर्षी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावास सभाबंदी मोडली त्या वर्षापासून, चित्रांचा पूरच लोटला. कवी कामोंइश, वैद्य गार्सिया द ओर्ता, आल्बुकेर्क, जुन्या गोव्यातील व्हाइसरॉयांची कमान. पुढे पाद्री जुझे वाझ, मोन्सिन्योर दालगादो, १९५६ चे नकाशे, आणि १९५९ मध्ये निरनिराळ्या राजांच्या कारकिर्दींतील नाणी. राज्याची मुळे जसजशी सैल होत गेली तसतशी तिकिटे अधिक सुंदर होत गेली, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि ही तिकिटे केवळ परक्याचा डांगोरा म्हणून टाकून देणे न्यायाचे होणार नाही. त्यांतील तीन माणसे आपण आदराने जवळ केली पाहिजेत. गार्सिया द ओर्ता हा वैद्य गोव्यात राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याने चिकित्सा केली. मुंबई बेट त्याच्याकडे काही काळ खंडाने होते. १५६३ मध्ये त्याने हिंदुस्थानातील औषधी व वनस्पती ह्यांवरील संवादरूप ग्रंथ गोव्यातच छापविला. आपल्या देशात छापलेल्या अगदी पहिल्या ग्रंथांपैकी तो एक होय, आणि येथील वैद्यांकडून शिकलेले ज्ञान त्याने त्यात युरोपास सांगितले. तो मूळ यहुदी कुळातला. १५६८ मध्ये तो वारल्यावर त्याच्या बहिणीस इन्क्विझिशनने गोव्यात जिवंत जाळले, आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे उकरून जाळण्यात आली. ज्या राज्याच्या छायेखाली हे घडले त्याच राज्याने १९४६ मध्ये त्याची मुद्रा तिकिटावर छापली. तिकिटावर मनुष्य दिसतो. त्याच्या अस्थींचे काय झाले ते दिसत नाही.

दुसरे जुझे वाझ. ह्यांचा जन्म बाणावलीस १६५१ मध्ये झाला, म्हणून १९५१ मध्ये त्यांच्या त्रिशताब्दीची तिकिटे निघाली. एकावर सांकवाळच्या पडक्या चर्चचे चित्र आहे. युरोपियन धर्मसंघ देशी पाद्र्यांस सहसा आपल्यांत घेत नसत, त्या काळी ह्या गोमंतकीयाने देशी पाद्र्यांचा संघ उभा केला आणि डच अमलाखालील सिंहलद्वीपात भिकाऱ्याच्या वेषाने जाऊन, कँडीस १७११ मध्ये देह ठेवीपर्यंत, तेथील कॅथलिक लोकांची सेवा केली. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस ह्यांनी त्यांस संतपद दिले. त्यांच्या कार्यात राज्याचा वाटा थोडा. तिकिटावर मात्र ते राज्याचे भूषण झाले.

तिसरे सेबास्तियांव रोदोल्फु दालगादो. बारदेशातील आसगाव येथे १८५५ मध्ये जन्मलेला हा पंडित पुढे लिस्बनमध्ये संस्कृतचा अध्यापक झाला. त्याने कोंकणीचा कोश केला, हितोपदेश पोर्तुगीज भाषेत आणला, आणि पोर्तुगीज शब्द आशियातील भाषांत कसे पसरले ह्याची मोठी छाननी केली. आमच्या घराघरांत रोज उच्चारले जाणारे पगार, चावी, बटाटा, काजू, पाव हे शब्द कोठून आले हे ज्यास जाणावयाचे असेल त्यास ह्या आसगावकराचे ऋण मानावेच लागेल. १९५५ मध्ये, सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या त्याच वर्षी, त्याच्या जन्मशताब्दीचे तिकीट निघाले. ह्या कोशकाराच्या कोंकणीस मात्र त्याच सरकारने आपल्या शाळा-कचेऱ्यांत मान दिला नव्हता.

येथेच ह्या संग्रहातील मौनाकडे वळले पाहिजे. वर सांगितलेल्या मालांत गोव्यातील मंगेशीचे किंवा शांतादुर्गेचे देऊळ नाही, तुळशीवृंदावन नाही, देवनागरीचे अक्षर नाही. इंग्रजांचे राज्यही परकेच होते. परंतु १९३५ च्या पाचव्या जॉर्ज बादशहाच्या रौप्यमहोत्सवी मालेत मुंबईच्या गेटवेबरोबरच रामेश्वरचे देऊळ, कलकत्त्याचे जैन मंदिर व अमृतसरचे सुवर्णमंदिर ह्यांस तरी जागा मिळाली. बादशहाचे मुख शेजारी होतेच. तरी रयतेस स्वतःचा देव आहे एवढे त्यांनी मान्य केले. पोर्तुगिजांनी ज्या गोमंतकीयांस तिकिटावर घेतले ते त्यांच्या धर्माचे व त्यांच्या भाषेत लिहिणारे. बाकीची प्रजा तिकीट चिकटविण्यापुरती.

पराजिताने नकाशा जपला. विजेत्याने काय जपले? वसईच्या विजयानंतर चर्चमधील घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांत बांधल्या. नाशकास पंचवटीत नारोशंकराच्या देवळावर अशीच एक मोठी घंटा आहे. तिच्यावर १७२१ हे साल आहे. एकाच विजयाच्या ह्या दोन आठवणी आहेत. घंटेने आपले मूळ साल पुसलेले नाही. तिच्याकडे पाहणारास ती कोठून आली हे विचारता येते. तिकिटाने मात्र १७३९ हे साल पुसून टाकले. विजयाचे चिन्ह मिरविणे हा काही निर्दोष व्यवहार नव्हे, आणि वसईच्या ख्रिस्ती बांधवांस त्या घंटेविषयी निराळे काही वाटत असेल तर ते समजून घेण्यासारखे आहे. परंतु पुरावा शिल्लक ठेवणारी आठवण आणि पुरावा झाकणारी आठवण ह्यांत इतिहासाच्या अभ्यासकाने भेद केलाच पाहिजे.

१९६१ च्या डिसेंबरात, १८ व १९ तारखांस, भारतीय सैन्याने गोवा, दमण व दीव मुक्त केले. त्या वेळी पोर्तुगीज सरकारने १९६२ साठी नव्या तिकिटांची सिद्धता केली होती: खेळांची एक माला आणि हिवताप-निर्मूलनाचे एक तिकीट. त्यांवर ‘एस्तादो द इंडिया’ हे नाव होते. पण ज्या कचेऱ्यांत ती विकावयाची त्या कचेऱ्याच हातच्या गेल्या, व गोव्यात ती कधी विकली गेली नाहीत. पोर्तुगालने ह्या भूमीवरील भारताचे स्वामित्व मान्य करण्यास पुढे १९७४ चा डिसेंबर उजाडावा लागला.

आमच्या घरांतून मुलांस तिकिटे जमविण्याचा नाद असतो, आणि वडील माणसे तो कौतुकाने पुरवितात. देशोदेशींची नावे पाठ होतात, नकाशा परिचित होतो, हे लाभ खरेच आहेत. त्यांत एवढीच भर घालावी असे आम्हांस वाटते की, परदेशाच्या तिकिटावर आपला देश दिसला म्हणजे मुलास तीन प्रश्न विचारावयास शिकवावे: हे कोणी काढले, कोणत्या साली काढले, आणि ह्यात काय गाळले? ह्या तीन प्रश्नांनी १९५६ चे वसईचे ते छोटेसे तिकीट एका ग्रंथाएवढे बोलू लागते. वसईच्या पडक्या तटावर आज जो कोणी उभा राहील त्यास ते खिंडार दिसेल आणि खाडीपलीकडे भाईंदरही दिसेल. तिकिटावरची वसई अभंग आहे; खरी वसई भंगलेली आहे, आणि आपला इतिहास त्या भंगलेल्या वसईतच वाचावयाचा आहे.