विहिरीच्या तळाचा फोटो

२०१९ साली मुंबईत जोगेश्वरीला अंधांच्या एका शाळेच्या आवारातील विहिरीत एक मासा सापडला. विहीर सुमारे ४० फूट खोल. मासा सापासारखा लांबट, तांबूस. खवले नाहीत, पर नाहीत आणि डोळेही नाहीत. अंधशाळेच्या विहिरीत आंधळा मासा असे कथेत कोणी लिहिले असते तर आपणच नाक मुरडले असते. २०२१ मध्ये तेजस ठाकरे, प्रवीणराज जयसिंहन आणि अनिल महापात्र यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. मुंबाआईवरून नाव ठेवले रक्तामिक्थिस मुंबा. त्याचा फोटो पाहिल्यापासून माझ्या मनात एक प्रश्न आहे: जिथे उजेडच नाही, तिथल्या जिवांचे फोटो माणसाने काढले तरी कसे?

हा इतिहास फार जुना नाही. १८६१ च्या सुमारास पॅरिसच्या नादारने शहराखालच्या भुयारांत बॅटरीवरचे विजेचे दिवे नेले. एका फोटोला १८ मिनिटांपर्यंत वेळ लागे. जिवंत मजूर तेवढा वेळ स्थिर कसा राहणार? म्हणून त्याने कपडे घातलेले पुतळे उभे केले. पाण्यात उतरायला आणखी ३० वर्षे गेली. १८९३ मध्ये लुई बुतां या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने समुद्राखाली फोटो घेतले. त्याची युक्ती आमच्या पोरांना सांगितली की ती हसतात. हवेने भरलेले पिंप, त्यावर काचेखाली स्पिरिटचा दिवा, आणि रबरी फुगा दाबून ज्योतीवर उडवायची मॅग्नेशियमची पूड. भक्क करून उजेड पडला की फोटो.

पाण्याने भरलेल्या गुहा मात्र त्याहून कठीण. वर छत असते, आणि पाय लागून गाळ ढवळला की परतीची वाट दिसत नाही. फ्लॅश सरळ मारला तर गाळाचे कणच चमकतात, प्राणी बाजूला राहतो. तरी माणसे उतरली. १९७९ मध्ये बहामातील अशा गुहेत जिल येगर यांना आंधळ्या, अनेक पायांच्या जिवांचा एक अख्खा नवा वर्ग सापडला. तिथल्याच गुहांचे वेस स्काइल्स यांनी काढलेले फोटो ऑगस्ट २०१० च्या नॅशनल जिऑग्राफिकमध्ये आले. त्याआधीच, जुलैत, ते पाण्यात असतानाच गेले.

आपल्याकडे ही गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. इथे पाणबुड्या नाही, बादली आहे. केरळात १९५० मध्ये होराग्लॅनिस या आंधळ्या माशाचे वर्णन झाले, तोही विहिरीतला. पुढे असे मासे घरच्या विहिरी उपसताना, नळातून, गच्चीवरच्या टाकीतून हाती येत गेले. लोकांनी कळवले, अभ्यासक धावले. म्हणून २०२३ मध्ये एका जातीचे नावच लोकांवरून ठेवले, होराग्लॅनिस पॉप्युली. फोटो काढायचा तो काचेच्या टाकीत.

आता नांदेड-लातूरकडे येऊ. आपला दगड काळा, बेसाल्टचा. चुनखडीसारख्या मोठ्या पाणगुहा त्यात होत नाहीत. पाणी राहते भेगांत आणि मुरमात. गोदावरीच्या खालच्या अंगाला, आंध्रात, वाय. रंगा रेड्डी यांनी विहिरी आणि बोअरच्या पाण्यातून मिलिमीटरभर लांबीचे आंधळे कवचधारी जीव शोधून काढले. आपल्याकडे मात्र विहिरीत आपण दोनच गोष्टी पाहिल्या, पाण्याची पातळी आणि टीसीएल पावडर. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. कायदा ६० मीटरच्या खाली जाऊ नका म्हणतो आणि बोअरची गाडी त्याच्या कितीतरी खाली जाते. वरच्या भेगा कोरड्या पडल्या की तिथले जीव कुठे जाणार? त्यांना पाय असले तरी वाट नसते.

मे महिन्यात बावडीचा गाळ काढतात, तीच वेळ. दोरीला बांधलेली बारीक जाळी तळापर्यंत सोडायची, हळू ओढायची आणि पाणी पांढऱ्या ताटात ओतायचे. हलणारा ठिपका दिसला तर शाळेचा सूक्ष्मदर्शक पुरतो. मोबाइलचा कॅमेरा त्याच्या भिंगाला टेकवला की फोटोही निघतो, आणि मग जीव परत विहिरीत सोडता येतो.