गांजाची डेडलाइन

आधी खुलासा: मी साधी सिगरेटही ओढत नाही, आणि आपल्याकडे १९८५ च्या कायद्यानुसार परवान्याशिवाय गांजा लावणं हा गुन्हा आहे. तेव्हा आई, तू हे वाचत असशील तर काळजी करू नकोस! विषय इतिहासाचा आहे, आणि आम्हा आयटीवाल्यांच्या जिव्हाळ्याचा... डेडलाइनचा.

तर, पॅरिस, १९१२ च्या आसपास. ज्युलियाँ तूर्न्वा नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने भर हिवाळ्यात काचघरात भांगेचं आणि हॉप्सचं बी पेरलं. एरवी ही झाडं माणसापेक्षा उंच होतात. इथे वीतभर रोपांनाच फुलं आली. ऊब होती, पाणी होतं, मग एवढी घाई कसली? त्याने एकेक शक्यता तपासून काढली (याला आम्ही डीबगिंग म्हणतो) आणि १९१४ साली लिहिलं की कारण दिवस लहान होणं हे नाही, रात्र मोठी होणं हे आहे. झाडाला घड्याळ असतं, आणि ते अंधार मोजतं! त्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं आणि तूर्न्वा त्यात मारला गेला. पुढे १९२० मध्ये अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलर्ड यांनी तंबाखूवर हेच सविस्तर दाखवलं, आणि नाव त्यांचं झालं. असो.

आता हे घड्याळ उचलून दुसऱ्या गावी नेलं तर? पुण्यात वर्षातला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, अ‍ॅमस्टरडॅमला जवळजवळ सतरा. ब्रिटिश काळात आपल्या नगर जिल्ह्यात परवान्याने गांजा पिकायचा, १८९३-९४ च्या सरकारी आयोगाने त्याची दखल घेतली आहे. आपल्या थंडीत ऊन असतं, त्यामुळे फुलं सावकाश पिकली तरी बिघडत नाही. तेच उष्ण देशातलं बी हॉलंडला लावलं तर पुरेशी मोठी रात्र मिळेपर्यंत सप्टेंबर येतो. फुलं पिकायची ती नोव्हेंबरात, आणि तोवर पाऊस, धुकं, बुरशी. डेडलाइन हुकली!

उपाय निघाला हिंदुकुशात. तिथे बर्फ लवकर पडतो, म्हणून तिथली बुटकी, रुंद पानांची झाडं शरद ऋतूच्या सुरुवातीलाच आटपतात. साठ-सत्तरच्या दशकात हिप्पी काबूलमार्गे भारतात येत-जात, आणि ते बी त्यांच्या खिशातून पश्चिमेला गेलं. कॅलिफोर्नियात सत्तरच्या दशकात अफगाण, मेक्सिकन आणि कोलंबियन वाणांचा संकर झाला, त्याचं नाव स्कंक नंबर वन. ऐंशीच्या दशकात तो हॉलंडला पोचला. पण एक गोची होती. अफगाण फुलं कोरड्या हवेतली, घट्ट गच्च. ओल्या शरदात ती आतूनच कुजतात. उष्ण देशातली फुलं मोकळी, वारा खेळणारी, पण उशिराची. एकाची घाई आणि दुसऱ्याचा मोकळेपणा एकाच झाडात आणायला कित्येक पिढ्यांची निवड लागली.

पुढची उडी रशियन रानभांगेची. यानिशेव्स्कीने १९२४ मध्ये तिचं वर्णन केलं. ही रात्रबित्र बघत नाही, वय झालं की फुलते. हा गुण संकराच्या पहिल्या पिढीत लपतो आणि दुसऱ्या पिढीत साधारण चारात एका झाडात दिसतो. मेंडेलचे वाटाणे आठवले का? दहावीला रट्टा मारला होता तेच! २००० नंतर असे वाण बाजारात आले.

मला खटकतं ते पुढचं. या संकरित बियांचा प्रवास उलटाही झाला. मोरोक्कोच्या रीफ डोंगरात 'बेल्दिया' नावाचं गावरान वाण आहे, पावसावर वाढणारं आणि उन्हाळ्यातच कापणीला येणारं. गेल्या वीसेक वर्षांत तिथे परदेशी संकर शिरले. माल जास्त, पण त्यांना उन्हाळाभर पाणी लागतं, त्यामुळे विहिरी खोल जाऊ लागल्या. शिवाय भांगेचे पराग वाऱ्यावर मैलोन्‌मैल जातात. आपल्याकडे तुळशीत भांग उगवते म्हणतात, तिथे भांगेतच भांग शिरली. मोरोक्कोने २०२१ मध्ये औषधी आणि औद्योगिक लागवडीला कायदेशीर मान्यता दिली. तोवर कित्येक शेतांमध्ये शुद्ध बेल्दिया कुठली आणि संकर कुठला, हे नुसतं बघून सांगणं अवघड झालं होतं.