पीसी-बीएसडी : सर्व्हरची प्रणाली घरच्या संगणकावर

फ्रीबीएसडी ही बर्कलेच्या युनिक्स परंपरेतून १९९३ मध्ये आकाराला आलेली मुक्त संगणकप्रणाली. महिनोन्‌महिने न थांबता चालणाऱ्या सर्व्हरसाठी तिचा लौकिक मोठा. 'याहू'ने अनेक वर्षे आपली सेवा तिच्यावर चालविली. घरगुती वापरकर्त्याची तिच्याशी पहिली भेट मात्र गोंधळात टाकणारी ठरे.

'सिसइन्स्टॉल' हा तिचा जुना इन्स्टॉलर निळ्या पडद्यावर अक्षरांचे मेनू दाखवी. खरी अडचण हार्ड डिस्कच्या विभागणीची होती. विंडोजचा वापरकर्ता ज्याला पार्टिशन म्हणतो, त्याला येथे 'स्लाइस' म्हणत आणि पार्टिशन हा शब्द त्या स्लाइसच्या पोटातील भागांसाठी राखून ठेवलेला असे. शब्दांच्या या अदलाबदलीत चूक झाली, तर विंडोजसह साठवलेली सारी छायाचित्रे व कागदपत्रे पुसली जाण्याचा धोका. एवढे पार पडल्यावर समोर येई तो लॉगिन मागणारा काळा पडदा! सर्व्हर सांभाळणाऱ्याला तेवढेच हवे असते. नवख्याला चित्रमय डेस्कटॉप आणि आवाज मिळविण्यासाठी फायली हाताने दुरुस्त कराव्या लागत.

क्रिस मूर यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या पीसी-बीएसडीने गाभा फ्रीबीएसडीचाच ठेवून त्यावर माऊसने चालणारा इन्स्टॉलर आणि केडीई डेस्कटॉप चढविला. पहिली पक्की आवृत्ती एप्रिल २००६ मध्ये आली. सॉफ्टवेअरसाठी 'पीबीआय' नावाची एकसंध फाईल असे. डाऊनलोड करून डबल क्लिक केले की काम झाले. प्रत्येक फाईल आपल्याला लागणाऱ्या लायब्ररी सोबत आणत असल्याने डिस्कवर त्याच गोष्टींच्या अनेक प्रती साठत. जाणकारांना ही उधळपट्टी वाटणे स्वाभाविक होते. नवख्याच्या दृष्टीने सौदा फायद्याचाच म्हणायचा.

डिस्कचा प्रश्न मात्र सोप्या इन्स्टॉलरनेही संपला नाही. प्रणालीला प्रायमरी पार्टिशनच लागे आणि 'संपूर्ण डिस्क वापरा' हा पर्याय निवडणे आता फारच सोपे झाले होते.

ऑक्टोबर २००६ मध्ये हा प्रकल्प आयएक्ससिस्टिम्स कंपनीकडे गेला, २०१६ मध्ये त्याचे नाव 'ट्रूओएस' झाले आणि २०२० मध्ये तो थांबला. मूळ फ्रीबीएसडीने २०१२ च्या ९.० आवृत्तीपासून नवा 'बीएसडीइन्स्टॉल' स्वीकारला, तोही अक्षरांचाच. डेस्कटॉपची वाट आज प्रामुख्याने घोस्टबीएसडी चालवीत आहे. ती पेनड्राइव्हवरून थेट चालत असल्याने वाय-फाय व आवाज आपल्या संगणकावर चालतो की नाही, हे हार्ड डिस्कला हात लावण्यापूर्वीच पाहता येते.