गिअरची खरखर आणि स्वाराचा कान

गिअरच्या सायकलवर मागच्या चाकापाशी खरखर सुरू झाली, की पुष्कळदा चेन आपल्या दातेरी चक्राच्या नेमक्या रेषेत नसते आणि शेजारच्या चक्राला घासत असते. आता गिअर बदलण्याचे काम छोटी विजेची मोटार करू लागली आहे. पण खरखर काही गेली नाही. असे का? उत्तरासाठी थोडे मागे जायला हवे.

विसाव्या शतकाच्या आरंभी शर्यतीच्या सायकलीला मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक चक्र असे. चढ आला की उतरायचे, चाक काढून उलटे बसवायचे. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा डिरेलर तेव्हाही ठाऊक होता. पण ‘टूर द फ्रान्स’ शर्यतीत त्याला मोकळीक मिळाली ती १९३७ साली. या डिरेलरची तार ओढणारा दांडा कुठेही थांबवता येई. स्वार तो थोडा ओढी, खरखर ऐके, किंचित मागे घेई. आवाज थांबला की गिअर बसला. जुळवणीचे साधन होते स्वाराचा कान.

१९८४ साली जपानच्या शिमानो कंपनीने दांड्याला खाचा दिल्या. एक ‘टक्’ म्हणजे एक गिअर. सोय झाली, पण अचूकतेचा भार तारेवर आला. तार सैल पडली की प्रत्येक गिअर थोडा चुकू लागे. त्यातच चक्रांची संख्या वाढत गेली. सहा चक्रांच्या काळात दोन चक्रांमधले अंतर सुमारे साडेपाच मिलिमीटर होते; अकरा चक्रांच्या संचात ते पावणेचारच्याही आत आले. चुकीला जागाच उरली नाही.

यावर उपाय म्हणून तारच काढून टाकण्याचा विचार पुढे आला. फ्रान्सच्या माविक कंपनीने १९९०च्या दशकात विजेवर चालणारा डिरेलर आणला. २००९ साली शिमानोच्या ‘डीआय-टू’ने ही पद्धत रुळवली, तर २०१५ मध्ये अमेरिकेच्या स्रॅमने बिनतारी संच जाहीर केला.

मोटारीला स्वतःची जागा कळते. चेनची कळत नाही. सायकल उजव्या बाजूवर पडून डिरेलर टांगलेला धातूचा कान जरासा वाकला, तरी मोटार पूर्वीइतकेच सरकते आणि चेन भलतीकडे जाते. म्हणूनच शिमानोच्या जुळवणीच्या कृतीत एक गमतीची पायरी आहे. मधल्या गिअरमध्ये चेन घालून डिरेलर बारीक टप्प्यांनी आत सरकवायचा, मुद्दाम खरखर होऊ द्यायची आणि मग ठरावीक टप्पे मागे यायचे. खरखर ओळखायला पुन्हा कानच!

दोष शोधताना खरखर कोणत्या गिअरमध्ये होते, हे आधी लिहून काढावे. सगळ्याच गिअरमध्ये असेल तर चेन कोरडी, मळलेली किंवा झिजलेली आहे का ते पाहावे. मधले गिअर शांत आणि टोकाचे खरखरत असतील, तर वाकलेल्या कानाचा संशय घ्यावा. पुढचे मोठे आणि मागचेही मोठे चक्र एकाच वेळी वापरल्यास चेन तिरपी होऊन आवाज करते. तो बिघाड नव्हे. मात्र सर्वांत मोठ्या मागच्या चक्रावर टिकटिक झाली तर लगेच थांबावे. डिरेलर आऱ्यांना लागत असेल आणि त्यांत अडकला, तर चाक जाम होऊन स्वार पडू शकतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, पुन्हा ऐकावे. दोन एकदम बदलल्या तर दोष कशात होता हे कळत नाही.

यातला एक प्रयोग वर्गात बिनगिअरच्या सायकलवरही होतो. चेनची प्रत्येक कडी अर्ध्या इंचाची. ताणलेल्या चेनवर फूटपट्टी ठेवून शून्यावर एका पिनेचा मध्य आणावा. चोविसाव्या कडीनंतरची पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. ती दीड मिलिमीटर पुढे गेली असेल, तर झीज अर्धा टक्का झाली; अकरा चक्रांच्या अरुंद चेनला एवढी झीज बदलण्यास पुरेशी असते. मुलांनी आपापल्या सायकलींची मापे फळ्यावर मांडावीत आणि कोणती चेन जास्त वाजते, हे कान लावून ताडून पाहावे.