टोमॅटोच्या एका वाणाचे चार धनी

१९८४ सालीं अमेरिकेंत ‘सेलिब्रिटी’ नांवाच्या संकरित टोमॅटोला ऑल-अमेरिका सिलेक्शन्स या संस्थेचा बहुमान मिळाला. वाण कॅलिफोर्नियांतील पेटोसीड कंपनीचा. कांहीं रोगांना व मुळांवरील सूत्रकृमींना दाद न देणारें हें झाड परसबागांतून लवकरच प्रिय झालें. पुढें पेटोसीड सेमिनिसमध्यें विलीन झाली. आणि २००५ सालीं मॉन्सॅन्टोनें सुमारें १४० कोटी डॉलर मोजून सेमिनिसच विकत घेतली. पाकिटावरचें चित्र तेंच, नांव तेंच. धनी मात्र बदलला.

व्हिएतनामच्या रानांवर फवारलेल्या ‘एजंट ऑरेंज’च्या उत्पादकांत मॉन्सॅन्टो होती. जनुकें पालटलेल्या पिकांच्या पेटंटांवरून तिनें शेतकऱ्यांवर खटलेहि भरले होते. सेलिब्रिटी टोमॅटो त्या जातीचा नव्हे. तो साध्या संकराचा. परंतु आक्षेप बियाण्यावर नव्हताच, त्याचा पैसा कोणाच्या तिजोरींत जातो यावर होता. बरें, घरींच बीं धरावें, तर संकरित वाण पुढच्या पिढींत मूळचे गुण राखीत नाहीं. दरसाल दुकान गांठावेंच लागतें.

मेन राज्यांतील फेडको या सहकारी बीजभांडारानें सेमिनिसचे वाण विकणें थांबविलें. सचोटीचा हा निर्णय स्वस्त नव्हता. गिऱ्हाइकांच्या आवडीचे कित्येक वाण त्यांत गेले आणि कांहींच्या तोडीचा पर्याय हातीं नव्हता.

२०१८ सालीं जर्मनीच्या बायरनें मॉन्सॅन्टो घेतली व तें नांवच पुसून टाकलें. सेलिब्रिटीचें बीं अजूनहि बाजारांत मिळतें. पाकिटावर बहुधा विकणाऱ्या दुकानाचेंच नांव असतें.