क्लिओपात्राची सुई आणि कोरेगावचा स्तंभ

डिसेंबर संपत आला की तोच प्रश्न पुन्हा फेकला जातो. भीमा कोरेगावचा स्तंभ इंग्रजांनी उभारला, इंग्रजांच्याच विजयासाठी उभारला, मग तुम्ही तिथे कशाला जाता? विचारणारे बहुधा पुण्यातलेच असतात. पेरणे तिथून तीसेक किलोमीटरवर आहे, पण आज आम्ही त्यांना जरा लांब नेतो. लंडनला.

थेम्स नदीच्या काठी एकवीस मीटर उंचीचा एक दगडी स्तंभ उभा आहे. चार बाजू, वर निमुळता, टोकाला छोटा पिरॅमिड. कोरेगावच्या स्तंभाचा घाट इथूनच आलेला, म्हणजे मूळचा इजिप्तचा. साडेतीन हजार वर्षांपूर्वी थुतमोस तिसरा या राजाने आस्वानच्या ग्रॅनाइटमधून तो घडवला आणि हेलिओपोलिसच्या सूर्यमंदिरापुढे उभा केला. दोनशे वर्षांनी रामसेस दुसरा आला आणि उरलेल्या जागेत त्याने स्वतःची कीर्ती कोरून घेतली. पुढे रोमनांनी तो अलेक्झांड्रियाला नेला. तेव्हा क्लिओपात्रा मरून पंधरा-वीस वर्षे झाली होती, तरी नाव चिकटले तिचेच!

1819 साली मुहम्मद अलीने हा स्तंभ इंग्रजांना देऊ केला, 1798 आणि 1801 च्या इजिप्तमधील विजयांची आठवण म्हणून. कोरेगावची लढाई होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. आणि 1801 च्या त्या मोहिमेत मुंबई लष्कराचे देशी शिपाईही होते. तांबड्या समुद्रावर उतरून, वाळवंट तुडवून ते नाईलपर्यंत पोहोचले. मुंबई ग्रेनेडियर्सच्या युद्धसन्मानांत 'इजिप्त' आणि 'कोरेगाव' ही दोन्ही नावे आहेत. हे आमच्या शाळेच्या पुस्तकात कधी वाचलेले आठवते का?

खर्चापायी स्तंभ तसाच पडून राहिला. 1877 साली इरॅस्मस विल्सन या डॉक्टरने दहा हजार पौंड दिले. लोखंडी नळकांड्यात घालून, 'ओल्गा' जहाजामागे बांधून तो निघाला. बिस्केच्या उपसागरात वादळ झाले आणि ओल्गाचे सहा खलाशी बुडाले. सप्टेंबर 1878 मध्ये स्तंभ उभा राहिला. त्या सहा जणांची नावे त्याच्या पायथ्याशी आहेत.

आता सांगा, हा स्तंभ कोणाचा? थुतमोसचा, रामसेसचा, रोमचा, की विल्सनच्या पैशाचा? उभारणाऱ्याचा हेतू हाच शेवटचा अर्थ मानायचा, तर लंडनमधल्या माणसाने रोज त्याच्यापुढे सूर्यपूजा करायला हवी.

इंग्रजांचे उपकार आम्ही मानत नाही. ज्यांच्या जिवावर राज्य मिळवले, त्याच महारांची लष्करभरती त्यांनी पुढे बंद केली. 1894 साली गोपाळबाबा वलंगकरांना त्याविरुद्ध अर्ज लिहावा लागला. हे सारे माहीत असूनच बाबासाहेब 1 जानेवारी 1927 रोजी कोरेगावला आले.

1821 मध्ये पायाभरणी झालेल्या या स्तंभावर कंपनीच्या 49 मृत सैनिकांची नावे आहेत. त्यातली 22 'नाक' ने संपतात. कंपनीने ती कोरली हजेरीपटासारखी. आमच्या आया-बहिणी लेकराला कडेवर घेऊन त्यांवरून बोट फिरवतात आणि एकेक नाव मोठ्याने वाचतात.